सौम्य औषध

“ओतून दिलं म्हणजे? कुठे?”

“बेसिनमध्ये,” नवरा म्हणाला. “स्टिरॉइड होतं ते. मोबाइलवर वाच जरा. पोरीला पैलवान करायचंय का?”

ती इस्त्रीच्या दुकानातून नुकतीच आली होती. खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. दोन वर्षांची बबडी पलंगावर मान पुढे काढून बसली होती. श्वास आत घेताना तिच्या घशातून शिट्टी वाजत होती आणि खोकला तर कुत्र्याच्या भुंकण्यासारखा.

काल दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं. श्वासनलिकेला सूज आहे. ती उतरवणारी दोन औषधं आहेत. एक जोरदार, त्याचा एकच डोस इथेच पाजायचा, विषय संपला. दुसरं त्या मानाने सौम्य. ते घरी रोज द्यायचं, तीन दिवस. गुण दोन्हींचा जवळपास सारखाच. कोणतं देऊ?

त्यांनी विचारलं होतं तिला. ‘एकदाच द्या’ असं अगदी ओठांवर आलं होतं. पण नवराच बोलला, “सौम्यच द्या, लहान जीव आहे.” ती गप्प बसली. लग्न झाल्यापासून गप्पच बसत आली होती. तिने कुठे नोकरी करायची, बहिणीकडे किती दिवस राहायचं, आमटीत मीठ किती, सगळ्यातलं त्याला जास्त कळायचं.

तिने बबडीला उचललं. “गाडी काढ.”

तो बघतच राहिला. ‘अहो’शिवाय तिने त्याला कधी हाक मारली नव्हती.

“अगं, मला वाटलं...”

“तुला वाटलं! सौम्य तूच मागितलंस, ओतलंसही तूच. आणि श्वास कोणाचा अडकलाय? गाडी काढ म्हणते ना!”

दवाखान्यात बबडीच्या तोंडावर मास्क धरून औषधाची वाफ दिली. मग डॉक्टरीणबाईंनी चमच्याने ते जोरदार, एकाच डोसाचं औषध पाजलं.

“म्हणजे हेच जास्त चांगलं ना?” नवऱ्याने विचारलं. “काल हेच दिलं असतंत तर...”

तिचं डोकं सणकलं. आता दोष डॉक्टरीणबाईंवर!

“दोन्ही चांगलीच आहेत,” डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. “पण पोटात गेलेल्या औषधाची तुलना मी बेसिनमध्ये गेलेल्या औषधाशी कशी करू?”

त्याने मान खाली घातली. तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असंही वाटलं नाही.

लगेच घरी सोडणार नव्हते. ती बाकावर बबडीला मांडीवर घेऊन बसली. तो चहा घेऊन आला. तिने कपाकडे पाहिलंही नाही. खूप वेळाने शिट्टी बारीक होत गेली, मग थांबली. बबडीने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, “बाबा.”

हात त्याच्याकडेच पसरले होते.

तिने त्याच्याकडे न बघता लेक त्याच्या हातात दिली. बबडीने त्याच्या खांद्यावर डोकं टाकलं. ती जरा बाजूला सरकली आणि मांडीवरच्या ओढणीच्या चुण्या तळहाताने सारख्या करत बसली.