आकाशाच्या लिफ्टला लावलेली पाटी

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी आईकडे वांगी चिरत होते, आणि त्या म्हणाल्या, "एकतीस भाषांपैकी तीस भाषांत ते वजन वर राहतं. फक्त तुमच्या भाषेत खाली येतं."

मला रागच आला. राग माझ्या नाकावर असतो, हे आई सगळ्यांना सांगत असतेच. मी म्हटलं, "आमच्या भाषेत पुस्तक खपलंय ना? पोरांना आवडलंय ना?"

"आवडलंय हो. पण चूक आहे. दुसरी आवृत्ती उद्या छापायला जाते. चार वाजेपर्यंत मला दुरुस्त वाक्य पाठवा, नाहीतर मी ते सरळ काढून टाकते."

पुस्तक म्हणजे चाळीस पानांचं, मुलांसाठीचं. विषय आकाशाची लिफ्ट. जमिनीपासून थेट अवकाशात गेलेली एक दोरी, हजारो किलोमीटर लांब, आणि तिला धरून वर चढणारा डबा. अजून कोणी बांधलेली नाही, पण बांधायची झाली तर कशी, ते जगभरच्या मुलांना त्यांच्या त्यांच्या भाषेत सांगायचं, अशी ती योजना. आमच्या भाषेचं काम माझ्याकडे आलं, कारण शाळेत शुक्रवारचा 'अवकाशाचा तास' मी घेते. तो मी घेते, कारण विज्ञानाचे सर रजेवर होते आणि मुख्याध्यापिकांना समोर मीच दिसले. मी भाषा शिकवते. ग्रहांची नावं सांगता येतात, त्यापलीकडे सगळं माझ्या डोक्यावरून जातं.

तेरावं पान असंच डोक्यावरून गेलं. दोरीच्या पार वरच्या टोकाला एक वजन बांधलेलं असतं, एवढंच मूळ पुस्तकात होतं. कशाला, ते नव्हतं. मी बाबांना विचारलं.

बाबा लिफ्ट मेकॅनिक. चौतीस वर्षं एकाच मोठ्या इस्पितळाच्या सहा लिफ्ट त्यांनी सांभाळल्या. हाताला ग्रीसचा वास, खिशात चिंधी, आणि कुठल्याही इमारतीत शिरले की आधी कान टवकारून मोटरीचा आवाज ऐकायचे. माझा प्रश्न ऐकून त्यांची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटतंय असं वाटलं.

"अगं बये, त्यात काय कठीण आहे? लिही. डबा वर जातो तसं पलीकडचं वजन खाली येतं, म्हणून मोटरीला फार दम लागत नाही."

मी ते तसंच्या तसं लिहिलं. काय सुंदर वाक्य होतं! तीन महिने शब्दकोश उपसून मला असं एक जमलं नव्हतं. पुस्तक आलं तेव्हा बाबांनी तेरावं पान उघडून दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना वाचायला लावलं. आई म्हणाली, "अहो, पुरे आता. लोक दुसऱ्या रस्त्यानं जायला लागलेत." त्यानंतर महिन्याभरात, एका शनिवारी, बाबा गेले. त्यालाही आता दोन वर्षं झाली.

म्हणजे बघा, आयुष्यभरात बाबांचं छापून आलेलं ते एकच वाक्य. ते मी माझ्या हातानं खोडायचं? चार वाजेपर्यंत?

"मी नाही खोडणार," मी आईला म्हटलं. "घालू दे त्यांना काय गोंधळ घालायचा तो. बाबांना लिफ्टमधलं कळत नव्हतं असं म्हणायचंय का यांना?"

"मग बाबांकडची त्या पुस्तकाची प्रत काढून बघ तरी, काय लिहिलंय ते," आई म्हणाली. "कपाटात आहे, हत्यारांच्या पेटीवर. मी हात लावला नाही."

कपाट उघडलं आणि तोच वास आला. ग्रीस, रबर आणि जुन्या चिंध्या. मी तिथंच जमिनीवर बसले. लहानपणी शाळा सुटली की मी इस्पितळात जायची. लिफ्टच्या वरच्या खोलीत बाबांचा जेवणाचा डबा माझ्यासाठी अर्धा राखलेला असायचा. तो खायचा, आणि मोठं चाक फिरताना बघायचं. एवढं सुख मला नंतर कुठे मिळालं नाही, हे मी खरं सांगते.

बाबांनी मला मारलं तेही त्याच इस्पितळात, आणि एकदाच. तळमजल्यावर लिफ्टच्या स्विचवर पत्र्याची पाटी टांगलेली होती, 'काम चालू आहे. हात लावू नये.' मी सात वर्षांची. खेळायला म्हणून काढून घेतली. बाबा वरून जिने उतरत धावत आले, पाटी हिसकावली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. मग स्वतःच पायरीवर बसले.

"वर डब्याच्या टपावर माणूस काम करतोय. कोणी बटण दाबलं असतं तर? पाटी ज्यानं लावली त्यानंच काढायची. समजलं?"

मी रडत रडत विचारलं, "आणि तो माणूस परत आलाच नाही तर?"

"तर दुसऱ्यानं ते काम वरपासून खालपर्यंत स्वतः तपासायचं. पटलं, की त्याच्या सहीखाली आपली सही करायची. मगच पाटी काढायची. त्याआधी नाही."

पुस्तक हत्यारांच्या पेटीवरच होतं. मी ते उचललं तर त्यातून एक दोरा लोंबत होता. दोऱ्याला पुठ्ठ्याची छोटी पाटी, बाबा कामावर लिहायचे तशीच, लाल पेन्सिलीनं. 'काम चालू आहे. हात लावू नये.' तेराव्या पानाला भोक पाडून बांधलेली. खाली बाबांची सही आणि तारीख. बुधवारची, ते गेले त्या आठवड्यातली.

मी पाटी उलटी केली. मागे तीन ओळी होत्या.

'१. पृथ्वी फिरते तसा दगड सुतळीला बांधून फिरवला. दगड बाहेर ओढतो, म्हणून दोरी ताठ. दगड खाली आला तर सगळंच खाली येईल. ✓'

'२. वजन वरच राहतं, आपल्या लिफ्टसारखं खाली येत नाही. वाक्य चूक. चूक माझी, तिची नाही. ✓'

'३. रविवारी लेकीला सांगणे.'

तिसरीपुढे खूण नव्हती. मी दर रविवारी यायची. बाबा शनिवारी गेले.

"आई," मी हाक मारली. ती दारात येऊन उभीच होती.

"गच्चीवर दगड फिरवायचे गं," ती म्हणाली. "सुतळीला बांधून, डोक्याभोवती. चौऱ्याहत्तरचं वय! शेजारीण येऊन भांडून गेली. मी विचारलं तर म्हणाले, पोरीच्या पुस्तकाचं काम आहे. मला वाटलं, झालं, डोक्यावर परिणाम झाला."

मला आठवलं. मीही त्यांना फोनवर झापलं होतं, बाबा, हे काय पोरकट चाळे लावलेत म्हणून. ते नुसते हसले होते. म्हणाले होते, "ये रविवारी, मग सांगतो."

आणि वर्गातली ती पुढच्या बाकावरची पोरगी आठवली, आम्ही जिला शंकेखोर म्हणतो. तिनं विचारलं होतं, "बाई, वजन खाली आलं तर दोरीला वर कोण धरणार?" मी तिला म्हटलं होतं, "पुढच्या वर्गात कळेल, बस खाली." बाबांनी तिला खाली बसवलं नसतं. मला माझीच लाज वाटली.

घड्याळात तीन वाजून गेले होते. सुतळी पेटीतच होती, दगडासकट. मी गच्चीवर गेले. आई जिन्याच्या दाराआड उभी राहिली आणि म्हणाली, "माझं डोकं सांभाळ."

मी दगड फिरवला. सुतळी ताठ झाली आणि बोटं बाहेर ओढली गेली. वेग कमी केला तशी ती सैल पडली आणि दगड माझ्या पायाशी येऊन आपटला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा मी रडत होते, पण पटलं होतं.

खाली येऊन संपादकबाईंना फोन लावला. "घ्या लिहून. पलीकडचं वजन बाहेर ओढतं, म्हणून दोरी ताठ. ते खाली आलं तर सगळंच खाली येईल."

त्या लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "छान आहे की हो. आणि ते जुनं वाक्य? तुमच्या वडिलांचं आहे म्हणाला होतात ना?"

"हेही त्यांचंच आहे," मी म्हटलं.

फोन ठेवला. पाटी पुढ्यात घेतली. बाबांची लाल पेन्सिल पेटीत होती, दोन बोटांएवढी उरलेली. तिसऱ्या ओळीपुढे मी खूण केली, त्यांच्या सहीखाली माझी सही केली, आणि मग पाटीचा दोरा सोडला.