घरचं लेझर

श्रीदेवी दुपारी हुमनाबादच्या कारखान्यातून पंधरा दिवसांनी निर्ण्याला घरी आली आणि दारातच थबकली. तिची माय म्हाळसाबाई भिंतीला टेकून बसली होती आणि बाप लिंगाप्पा तिच्यापुढं उकिडवा. एका अंगठ्यानं त्यानं तिची पापणी वर ताणून धरली होती. दुसऱ्या हातातल्या पेनाएवढ्या नळीतून लालभडक उजेड सरळ बुबुळात सोडला होता.

"अप्पा! ह्ये काय करायलाव?"

"गप बस. आकडा चुकंल. शंभर मोजायचंय."

मायचा डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. राहिला एकटा उजवा, त्यात कोवळा मोतीबिंदू. डोळ्यांच्या शिबिरात कुणीतरी म्हणालं, हैदराबादला आता लेझरनं काढतेत. तेवढा एक शब्द लिंगाप्पानं घट्ट धरून ठेवला. पुढं हुमनाबादच्या बसस्टँडवर खेळणीवाला ओरडत होता, "लेझर लो, लेझर!" झालं! बायकोसाठी जीव टाकणारा माणूस, पण एवढं भोळं असावं का माणसानं?

"आठ दिस झालं," लिंगाप्पा ऐटीत म्हणाला. "सारखं मिटायलीय, म्हणून धरावं लागायलंय."

श्रीदेवीनं नळी हिसकावली. तिच्यावर पिवळा त्रिकोण होता. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण कामावर ॲसिडच्या पिंपांना हाच त्रिकोण होता.

"अवं, डोळा मिटतो तो सोताला वाचवायसाठी मिटतो! तुमी त्योच धरून ठिवलाव!"

"दवाखान्यात तरी काय येगळं करतेत? त्ये बी लेझरच न्हवं?"

आता या माणसाला काय बोलावं! ती मायपुढं बसली. "माय, माझं तोंड दिसायलंय का?"

"कान दिसायलेत," म्हाळसाबाई हळूच म्हणाली. "मधी काळं हाय. चार दिस झालं."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"त्येनी इतक्या मायेनं करायलेत. म्हटलं, गुण यायच्या आधी असंच व्हत असंल."

श्रीदेवीला राग आला आणि रडूही आलं. मिळेल त्या जीपनं तिनं दोघांना बिदरला नेलं. वाटभर लिंगाप्पा बायकोचा हात धरून बसला होता.

डॉक्टरनं बराच वेळ डोळ्यात बघितलं. मोतीबिंदू काढता येईल, म्हणाला, पण मागच्या पडद्याला मधोमध चटका बसलाय. तिथली नजर परत येणं कठीण. लिंगाप्पा दाराबाहेरूनच ऐकत होता.

मग तो आत आला, बायकोच्या अगदी समोर उभा राहिला. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. तो खिडकीकडं सरकला, तिनं तोंड भिंतीकडं नेलं.

"माझ्यावर रागावलीस व्हय, म्हाळसे?" त्यानं विचारलं. "माझ्याकडं बघंना कामून झालीस?"

"राग कशाचा," ती म्हणाली. "तिकडं बघितलं तरच तुमी दिसायलाव."