चुलीमागचं अस्तर

शी! एकाहत्तर सालची गोष्ट, पर आठवलं की आजबी थुकावं वाटतं.

आमचे मालक सोसायटीवर निवडून आले आन त्यांना सोनईतल्या सोताच्या घराची लाज वाटाया लागली. लई करून चुलीमागच्या काळ्या भिंतीची. मी सनासुदीला शेनामातीनं सारवायची, वर पांढरी माती फिरवायची. ते आता चालंना. मेंबर लोक चहाला येनार, भिंत निळी पायजे! श्रीरामपूरला जाऊन ऑइलपेंट आनला, खाली द्यायचं अस्तर आनलं. भिमाजी रंगाऱ्यानं अस्तराचा एक हात मारला.

सांजंला मी चूल पेटवली. भिंत तापली तसा मेल्या जनावराचा वास सुटला.

"उंदीर मेला आसंल," मालक म्हनले.

मी डबे हलवले, सरपन उपसलं. उंदीर कसला मिळतोय! आमच्या सासूबाई पक्क्या माळकरी, मटनाचं भांडं उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हत्या. बिचाऱ्या नाकाला पदर लावून माज्या हातची भाकर खात हुत्या.

तिसऱ्या दिशी भिमाजी दुसरा हात माराया आला. अंगनात तपेल्यात कसल्यातरी तपकिरी वड्या भिजत हुत्या.

"ह्ये काय वो?"

"सरस, वहिनी. जनावराची हाडं-कातडी उकळून करत्यात, अस्तरात घालाया. मालकांना म्हनलं, माळकऱ्याचं घर हाय, तेलातलं घ्या. तर म्हनले, ते वाळाया लई दिस लागत्यात. वर रंग बसल्यावर कुनाला कळतंय?"

मी तशीच मालकांना जाऊन धरलं.

"हळू बोल!" ते म्हनले. "आईला सांग, बाभळीचा डिंक हाय. तुज्यावर तिचा इस्वास हाय."

थू! आसला मानूस!

तवर सासूबाई दारात आल्या. "रंगू, कसला वास गं ह्यो? खरं सांग."

मालक त्यांच्या मागं सरकून मला हात जोडत हुते. मी डिंक म्हनले आसते तर म्हातारी गप जेवली आसती.

"हाडांचा हाय, आत्याबाई."

त्या वरडल्या न्हाईत. लेकाकडं वळल्या. "काकासायब, परवापास्नं मी ह्या चुलीवरचं खाते. तू म्होरं बसून 'आई, अजून घे' म्हनत हुतास."

गळ्यातली माळ काढून त्यांनी लेकाच्या हातावर ठिवली. "आता ही मी कशी घालू, त्ये तूच सांग."

मी कोपऱ्यातलं खुरपं उचललं आन भिंत खरवडाया त्यांच्या दुसऱ्या हातात दिलं.