लिमुझँची थाळी आणि बोर्दोचा नकाशा

मी एक चिनी मातीची थाळी बोलतेय, फ्रान्समधल्या लिमोजची. आमच्या गावात चिनी मातीला सोन्याचा मान, तेव्हा बोलण्यात थोडा तोरा असणारच.

कारखान्यात थाळ्या रंगवणाऱ्या मारिनेतबाईंनी माझ्यावर अख्खा लिमुझँ प्रदेश रंगवला. ओत-व्हिएन, क्रझ, कोरेझ हे तीन जिल्हे, आणि सगळ्यांत ठळक आमची राजधानी लिमोज. मग मला प्रदेशाच्या कचेरीच्या सभागृहात अध्यक्षांच्या खुर्चीमागं टांगलं. सभासद माझ्याकडं बोट दाखवून भांडायचे. "रस्ते सगळे लिमोजला, आणि आमच्या गेरे शहराला काय, नुसत्या गाई?" क्रझवाले ओरडायचे. बोट माझ्याकडं असायचं, म्हणून मला भांडणही गोड वाटे.

पुढं पॅरिसहून हुकूम आला. आमचा प्रदेश एका मोठ्या प्रदेशात घातला, राजधानी बोर्दो. तिकडून कास्तेनसाहेब आले आणि माझ्या खिळ्यावर त्यांनी छापील नकाशा लावला. त्यात लिमोज कडेला, माशी बसल्यासारखं! भट्टीत जळले नसेन तेवढी मी त्या दिवशी जळले.

कचेरीतल्या सोलांजबाईंनी मला घरी नेलं आणि दर रविवारी माझ्यावर चक्क क्लाफुती, म्हणजे अख्ख्या चेऱ्या घालून भाजलेला गोड केक, वाढायला लागल्या. मला ध्यास एकच, माझा खिळा परत मिळावा.

एका रविवारी कास्तेनसाहेबच जेवायला आले. पहिल्याच घासाला कट्‌कन आवाज झाला.

"अहो बाई, यात बिया आहेत!"

"असणारच. बिया काढलेली क्लाफुती इथं कुणी तोंडात धरत नाही."

"आधी सांगायचं तरी!"

"आमची राजधानी नेलीत, तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत?"

साहेब गाल चोळत हसले आणि खात राहिले. तुकडे उचलले तसं खालून कोरेझ दिसलं, मग लिमोज. साहेबांचा हात थांबला.

"ही तर सभागृहातली! उद्याच परत लावू या."

माझा जीव नुसता काठाशी आला.

"नको," सोलांजबाई म्हणाल्या. "एवढी वर्षं टांगली होती, कुणी कधी पुसली का हो? स्टुलावर चढून मीच पुसायचे. आता ती माझी."

मला रागानं रडू फुटायचं बाकी होतं. तेवढ्यात बाईंनी बोटानं माझ्यावरचा चेरीचा रस पुसला आणि ते बोट चाटलं.

त्या नकाशावर मी अजून जळते, खोटं कशाला बोलू? पण त्याच्यावर एकदा गरम क्लाफुती ठेवून दाखवा म्हणावं! तुम्ही कधी आलात तर एवढं करा, शेवटचा तुकडा टाकू नका. तो नेमका गेरेवर राहतो, आणि गेरेला आधीच कुणी विचारत नाही.