मिठाच्या पाण्यात उजळलेली पट्टी

सकाळी सव्वासातला लेकीने वडिलांच्या उजव्या पावलाची पट्टी सोडली आणि खालून पू ओघळला.

वास आधीच आला होता, त्यामुळे पूचा तिला धक्का बसला नाही. ती थबकली पट्टी पाहून. चांदी असलेली पट्टी होती ती, दवाखान्यातून आणलेली. जखमेवर बसली की काळपट पडते, घाबरायचं नाही, असं परिचारिकेने बजावून सांगितलं होतं. ही मात्र दुकानातल्या नव्या पेल्यासारखी चकचकीत होती.

"बाबा, ही कोणी धुतली?"

"कोण धुणार? चांगली आहे म्हणून चांगली दिसतेय."

"मी तुमच्याच हाताखाली शिकलेय. उजळलेली चांदी मला कळत नाही?"

वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दारात काका उभे होते. त्यांना एकाएकी हातातल्या चहात फारच रस वाटू लागला.

वडील आणि काका, दोघे चांदीचे कारागीर. घराच्या तळमजल्यावर त्यांचं दुकान, मागे भट्टी. महिन्यापूर्वी भट्टीपाशी मूस कलंडली आणि वितळलेली चांदी वडिलांच्या पावलावर सांडली. पायात चपला होत्या. लेकीने आणून दिलेले जाड बूट शेजारीच खोक्यात होते, कागदसुद्धा न काढलेले. त्यात वडिलांना साखरेचा आजार. जखम चिघळली. सर्जनने आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, जंतू हाडात शिरले तर पावलाचा पुढचा भाग कापावा लागेल. तोवर औषधं आणि ही पट्टी.

"काका, चहा नंतर प्या. आधी बोला."

"आल्या इन्स्पेक्टरीणबाई," काका पुटपुटले. "अगं, मी फक्त पातेलं धरलं."

"कसलं पातेलं?"

मग वडीलच बोलले, आणि बोलताना त्यांचा आवाज चढला. "परवा पाय ठणकायला लागला म्हणून उघडून पाहिलं. पट्टी काळीठिक्कर! मेलेली चांदी पायावर ठेवून काय उपयोग? आयुष्य गेलं माझं या कामात. उजळली आणि परत लावली."

उजळली. लेकीला पुढचं सांगायची गरज नव्हती. ॲल्युमिनियमचं पातेलं, उकळतं पाणी, त्यात सोडा आणि मूठभर मीठ. काळे पडलेले पेले आणि ताटल्या ती स्वतः लहानपणापासून त्यात बुडवत आली होती. काळं निघून जातं, गिऱ्हाईक खूश. पण इथे चमक कोणाला हवी होती? पट्टीतली चांदी जखमेच्या ओलाव्यात थोडी थोडी उतरते आणि जंतूंना मारते. मीठ तिला जखडून टाकतं. म्हणून पट्टी ओली करायची तर फक्त दिलेल्या बाटलीतल्या निर्जंतुक पाण्याने, मिठाच्या पाण्याने कधीच नाही, आणि ठरल्या दिवसाआधी उघडायची नाही. बाटली समोरच्या फडताळात होती. तिचं सील शाबूत होतं. हे सगळं तिने वडिलांना सुनावलं.

"मग हे आधी सांगायचं ना!" वडील म्हणाले.

"सांगितलं होतं. याच पलंगाशी बसून. तुम्ही मान डोलवत होतात."

"मान डोलवली म्हणजे ऐकलं असं थोडंच असतं," काका म्हणाले. एरवी ती हसली असती.

"आई!" तिने स्वयंपाकघराकडे हाक मारली. "पातेलं तू दिलंस?"

"मागितलं, दिलं," आई पदराला हात पुसत आली. "मला म्हणाले, तिला सांगू नकोस, उगाच डोकं खाईल."

"म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेवढी एकटी मूर्ख. रोज विचारत होते, बाबा, दुखतंय का, बाबा, बरं वाटतंय का. आणि तुम्ही तिघं माझ्या तोंडाकडे बघत खोटं बोलत होतात."

तिने जखमेवर स्वच्छ कापड बांधलं. गाठ नीट बसवली. मग ती खाली दुकानात गेली. पातेलं कोपऱ्यात होतं, तळाशी मिठाची पांढरी कड. तिने ते ऐरणीवर ठेवलं आणि वडिलांचा मोठा हातोडा उचलला. वर आईला घाव ऐकू आले. पातेलं ताटलीसारखं सपाट झालं तरी ते थांबले नाहीत.

"माझं चांगलं पातेलं," आई हळूच म्हणाली.

"गप्प बस," वडील म्हणाले. "पाय माझा आहे."

दवाखान्यात परिचारिकेने ती चकचकीत पट्टी चिमट्यात धरून उजेडाकडे नेली. या कामात तिने बऱ्याच गोष्टी पाहिल्या होत्या, ही नव्हती. "हे कोणी केलं?"

"मी," वडील म्हणाले. वाद नाही, कारण नाही, भावाकडे बोट नाही.

लेकीचा राग त्यानेही उतरला नाही. खरं बोलायला यांना पाऊल पणाला लावावं लागलं, एवढंच तिच्या मनात आलं.

जखम धुतली गेली. पूचा नमुना तपासणीला गेला, पायाचा फोटो काढला गेला. नवी पट्टी बसली, निर्जंतुक पाण्याने भिजवलेली. पावलावर लाली जिथवर पसरली होती तिथे परिचारिकेने पेनाने रेघ ओढली आणि लेकीला म्हणाली, "हिच्यापलीकडे गेली तर लगेच हाक मारा." सर्जन येऊन गेला. फोटोत हाडाबद्दल खात्रीने सांगता येत नाही म्हणाला. सकाळी पुन्हा पाहू, शस्त्रक्रिया लागली तर म्हणून मध्यरात्रीनंतर पोटात काही नको.

"चहासुद्धा नाही?" वडिलांनी लेकीला विचारलं.

"मिठाचं पाणी देऊ का?"

वडिलांनी डोळे मिटून घेतले. ती उठून गेली नाही. खुर्ची पायथ्याशी ओढून रेघेवर नजर ठेवून बसली.

संध्याकाळी सहा वाजता अंगठ्याकडची लाली रेघेच्या आत होती. करंगळीच्या बाजूला ती रेघेला टेकली होती. लेकीने हाक मारली. परिचारिकेने वाकून पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं आणि सर्जनला फोन लावला. तपासणीचा निकाल तोवर आलेला नव्हता.