मोटार काढून येतो

गौतमी मूळची उदगीरची. माण गावात गोजराबाईंच्या माडीवर भाड्यानं राहायची. धरणातून पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या लोकांना फोन करून सावध करणारा एक जुना प्रोग्राम तिच्याकडे आला होता. युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीवरचा तो प्रोग्राम विंडोजवर चालवायचा होता.

घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. युनिक्सवर दर फोनसाठी प्रोग्राम स्वतःची नक्कल काढायचा. नकलेची चूल वेगळी, भांडी वेगळी. बोलणं झालं की ती संपायची. विंडोजवर ही सोय नाही. म्हणून गौतमीनं थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारे धागे, वापरले. आता सगळे फोन एकाच घरात नांदत होते, एकाच भांड्यात हात घालत होते. समोरच्याचं उत्तर रेकॉर्ड करायची सोय मात्र नवी, तिनंच जोडलेली.

रविवारी दुपारी तिनं चाचणी लावली. सहकारी शेखरचा नंबर टाकला, गोजराबाईंना विचारून त्यांचाही टाकला.

थोड्याच वेळात खाली भांडं पडलं. ती धावत उतरली. गोजराबाई ओट्याला टेकून उभ्या, फोन छातीशी धरलेला.

"आमचं मालक बोललं," त्या म्हणाल्या. "व्हय, ऐकलं, मोटार काढून येतो, म्हणलं."

त्यांचे यजमान जयसिंग तीन पावसाळ्यांमागं नदीवरची पाणी उपसायची मोटार काढायला उतरले आणि वाढत्या पाण्यात गेले. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं, असं गोजराबाई इतके दिवस धरून चालल्या होत्या.

 एका थ्रेडचा आवाज दुसऱ्याच्या जागेत शिरू शकतो, हे गौतमीला ठाऊक होतं. कदाचित जुन्या सिस्टिममध्येही कुठंतरी रेकॉर्डिंग होत असेल, तेच मिसळलं असेल. तिनं शेखरला फोन लावला.

"जुन्या सिस्टिममध्ये रेकॉर्डिंग नव्हतंच गं," तो म्हणाला. "लोक नुसतं बटण दाबायचे. आवाज येईल कुठून?"

 तिनं प्रत्येक थ्रेडला स्वतःची वेगळी जागा करून दिली, आता कुणाचं कुणात मिसळणार नव्हतं. मग लॅपटॉप घेऊन ती खालीच बसली आणि पुन्हा चाचणी लावली.

गोजराबाईंनी फोन कानाला लावला. सूचना वाजली, संपली. स्क्रीनवर सगळे फोन बंद झालेले दिसत होते. तरी प्रोग्राम थांबेना. एक थ्रेड अजून जिवंत होता.

गोजराबाई बोलत होत्या. "मोटार जाऊ द्या वाहून. तितं थांबू नगा. वर या आधी."

प्रोग्राम जबरदस्तीनं बंद करायला गौतमीचं बोट बटणावर गेलं. पण समोर ती बाई मान हलवून ऐकत होती, मधेच "व्हय, व्हय" म्हणत होती. गौतमीनं बोट मागं घेतलं आणि ती वाट पाहत बसली.

अखेर गोजराबाईंनी फोन खाली ठेवला. त्याच क्षणी थ्रेड संपला. प्रोग्रामनं चूक काहीच दाखवली नाही.

"ऐकलं त्येंनी," गोजराबाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांत गौतमीनं त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "येतो म्हणलं."

"कधी, मावशी?"

 दिवेलागणीला दार सताड उघडं ठेवून गोजराबाईंनी उंबऱ्याबाहेर पाय धुवायला बादलीभर पाणी नेऊन ठेवलं. गौतमी माडीवर गेली आणि आतून कडी लावली.