नराच्या पोटातली अंडी

मामांनी चिरलेला मासा तिच्यापुढे ठेवला. "पोरी, तू पाणी तपासतेस ना? मग हे काय ते सांग."

माशाच्या डोक्यावर खरखरीत पुटकुळ्या होत्या. विणीच्या दिवसांत त्या नरालाच येतात, हे चाळीस वर्षं नदीत जाळं टाकणारे मामा डोळे मिटून सांगतील. पण पोटात, नराच्या वीर्याच्या पांढऱ्या पिशवीला लागून, पिवळी अंडी होती.

"असतो एखादा असा," ती म्हणाली.

"या आठवड्यातला हा सहावा."

ती बारा वर्षं शहराच्या पाणीपुरवठा प्रयोगशाळेत होती. रोज क्लोरीन, गढूळपणा, जंतू तपासायचे; दाखल्यावर 'पिण्यास योग्य' लिहून सही करायची, एक प्रत इस्पितळाला धाडायची. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना माशांचं सांगितलं. फायलीतून मान वर न करता ते म्हणाले, "संप्रेरकं बिघडवणारी रसायनं आपल्या यादीत नाहीत."

रसायनांचं तर तिने नावही काढलं नव्हतं! कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिचा पहिला संशय गेला दिरावर. नदीच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता, भावजी तिथेच कामाला. दोन महिने ते कारखान्यातून पाण्याचा कॅन आणत होते, घरच्या नळाला शिवत नव्हते.

"घरच्या पाण्याला काय झालं?" तिने विचारलं.

"चव आवडत नाही," म्हणून त्यांनी विषय बदलला.

कारखाना नदीत काय सोडतो ते त्यांना माहीत असणार, म्हणूनच! लेक नळाखाली ओंजळ धरू लागली की ती धावत जाऊन नळ बंद करी.

रविवारी ती मामांच्या होडीतून निघाली. प्लास्टिकमधूनही तसली रसायनं पाण्यात उतरतात, म्हणून बाटल्या काचेच्या घेतल्या. तीन नदीवर भरल्या, चौथी घरच्या नळाखाली, आणि विद्यापीठातल्या आपल्या जुन्या बाईंकडे पाठवल्या.

तीन आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "कारखान्याच्या वर आणि खाली जवळजवळ काही नाही. तिसरीत भरपूर आहे. नळाच्या पाण्यात थोडं कमी, पण आहे. बरीचशी औषधांतली संप्रेरकं. माणसाच्या अंगातून गटारात, गटारातून नदीत."

तिसरी बाटली भरली होती सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी, त्याचं पाणी नदीत पडतं तिथे. ते केंद्र तिच्याच खात्याचं होतं, आणि तिथून थोडंच खाली शहरासाठी पाणी उचललं जाई.

संध्याकाळी तिने भावजींना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे वहिनी, माझ्यावर पाळत होती होय!" ते खो खो हसले. "अहो, कापडावर डाग पडू नयेत म्हणून आम्ही हेच नळाचं पाणी कोळशातून गाळतो. चहा बरा होतो त्याचा." मग त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे कापडाला गाळून, आणि माणसांना तसंच?"

सकाळी तिने अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

साहेबांनी अहवाल वाचून मिटला. "चार वर्षं. कोळशाची गाळणी मागितली होती. वरून उत्तर आलं नाही. मग मीही गप्प बसलो."

त्या दिवशीच्या दाखल्यावर 'योग्य'च्या जागी तिने बाटल्यांत काय सापडलं ते लिहिलं. साहेबांनी दाखला दोनदा परत पाठवला. दोन्ही वेळा तिने एक अक्षर बदललं नाही. रोजच्यासारखी एक प्रत तिने इस्पितळात पाठवली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी खात्याला लेखी जाब विचारला. त्याच आठवड्यात तिची बदली मीटर दुरुस्तीच्या खोलीत झाली. आता समिती नेमली आहे. तिला दोनदा बोलावणं आलं. चौकशी पाण्याची आहे की तिची, हे मात्र अजून कुणी धड सांगत नाही.